डोळ्यापाशी १०,००० लक्स

प्रकाशोपचाराच्या पेटीच्या खोक्यावर '१०,००० लक्स' ठळक छापलेलं असतं. लक्स म्हणजे एखाद्या जागी किती प्रकाश पडतो, त्याचं माप. तो आकडा किती अंतरावरचा, हे मात्र खोक्याच्या मागे किंवा आतल्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत शोधावं लागतं. मोठ्या पेट्यांना ते अंतर ३० ते ३५ सेंटीमीटर असतं, मध्यम पेट्यांना २० च्या आसपास, आणि तळहातापेक्षा जरा मोठ्या चपट्या दिव्यांना १५ किंवा त्याहूनही कमी. १५ सेंटीमीटर म्हणजे पुरती वीतसुद्धा नाही. इतक्या जवळ तोंड धरून अर्धा तास बसवत नाही. दोन मिनिटांत पाठ खुर्चीला टेकते, अंतर ५० सेंटीमीटर होतं आणि छोट्या दिव्याचा डोळ्यापर्यंत पोचणारा प्रकाश जवळजवळ दहाव्या हिश्श्यावर येतो. पंधरा दिवस इमानेइतबारे बसूनही 'काही फरक नाही' असं वाटलं, तर आधी टेप घेऊन हे अंतर मोजावं.

हिवाळी नैराश्यावर हा उपचार सुरू करून वसंतापर्यंत नेताना काय काय करावं लागतं, ते इथे त्याच क्रमाने लिहिलं आहे. गोळी घेताना आपण किती मिलिग्रॅम, दिवसातून कितीदा, जेवणाआधी की नंतर, हे विचारून घेतो. दिव्याच्या बाबतीतही तसंच विचारायचं: डोळ्यापाशी किती लक्स, किती मिनिटं, आणि किती वाजता. यातला तिसरा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो, आणि माझ्या मते उपचार फसतो तो बहुतेकदा तिथेच.

आधी दुखणं हिवाळीच आहे ना, ते पाहायचं. दिवस लहान होऊ लागले की दरवर्षी त्याच सुमारास झोप वाढते, पण झोपून उठल्याचं समाधान नसतं. अंथरूण सोडवत नाही. हातापायांत शिसं भरल्यासारखं होतं. गोड आणि पिष्टमय खाण्याची ओढ लागते, वजन चढतं, माणसं नकोशी होतात. आणि वसंतात हे सगळं कोणी काही न करता ओसरतं. मानसोपचाराच्या निदानपद्धतीत हा स्वतंत्र आजार धरत नाहीत. वारंवार येणाऱ्या नैराश्याचाच तो ऋतूशी बांधलेला प्रकार, आणि तसा शिक्का मारायला निदान दोन सलग वर्षं हे चक्र दिसावं लागतं. दर हिवाळ्यात हंगामी काम सुटतं आणि म्हणून मन खचतं, असं उघड कारण असेल तर ते यात मोडत नाही. थायरॉइड मंदावला किंवा रक्त कमी झालं तरी अशीच मरगळ येते, म्हणून दिव्याच्या आधी रक्ततपासणी.

डॉक्टरांकडे जायला आणखी दोन कारणं आहेत. पहिलं डोळे. दृष्टिपटलाचा कुठलाही आजार असेल, म्हणजे मधुमेहाने पडदा बिघडलेला, पडद्याचा मध्यभाग झिजलेला, पडदा कधी सुटलेला, तर नेत्रतज्ज्ञांनी पडदा तपासून हो म्हटल्याशिवाय पेटी लावायची नाही. दुसरं औषधं. काही औषधांमुळे त्वचा आणि डोळे प्रकाशाला हळवे होतात: डॉक्सिसायक्लिनच्या जातीची प्रतिजैविकं, हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन, मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन, कोडावर वापरतात ती सोरालेन, काही जुनी मनोविकाराची औषधं, आणि वनस्पतीजन्य म्हणून निर्धास्त घेतलं जाणारं सेंट जॉन्स वर्ट. लिथियम चालू असेल तर तेही सांगायचं. ल्यूपस असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय पेटीपुढे बसूच नये. उन्मादाचा झटका कधी येऊन गेला असेल तर हा विषय फारच वेगळा होतो, त्याबद्दल खाली.

१०,००० हा आकडा आला कुठून, हे कळलं की मात्रेचा हिशेब सोपा होतो. तेजस्वी प्रकाशाने माणसाच्या रक्तातलं रात्रीचं मेलाटोनिन (अंधार पडल्यावर वाढणारं, शरीराला रात्र झाल्याचं सांगणारं संप्रेरक) खाली येतं, हे आल्फ्रेड ल्यूई आणि सहकाऱ्यांनी १९८० साली दाखवलं; तो प्रकाश २,५०० लक्सचा होता. त्याच सुमारास हर्बर्ट केर्न नावाचे एक अभियंते या संशोधकांकडे गेले. आपली मनःस्थिती ऋतूनुसार कशी वरखाली होते, याच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी त्यांनी वह्यांत ठेवल्या होत्या. हिवाळ्यात त्यांचा दिवस दिव्यांनी लांबवून पाहिला आणि काही दिवसांत त्यांना उतार पडला. १९८४ मध्ये नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांचा निबंध आला, त्यातून या विकाराला नाव मिळालं. तेव्हाची मात्रा ऐकून आज कुणीही हात जोडेल: उजाडण्याआधी ३ तास आणि मावळल्यावर ३ तास, २,५०० लक्सपुढे. पुढे कळलं की संध्याकाळचा भाग गाळला तरी चालतो आणि तीव्रता वाढवली की वेळ घटतो. २,५०० लक्सला २ तास, ५,००० ला १ तास, १०,००० ला अर्धा तास. गुणाकार तिन्हीकडे तोच येतो, ५,००० लक्स-तास. पण म्हणून ५०० लक्सच्या खोलीत १० तास बसून तेच साधत नाही. हा हिशेब एवढ्याच टप्प्यात चालतो.

घरात संध्याकाळी दिवे लावले की टेबलाशी १०० ते ३०० लक्स असतात. भगभगीत उजेडाच्या कचेरीत ५०० च्या आसपास. बाहेर मात्र दाट ढग असले तरी हजारांत, आणि स्वच्छ उन्हात ५०,००० च्या वर. आपले डोळे हा फरक इतका सहज सावरून घेतात की आतला उजेड आणि बाहेरचा उजेड यांत शेकडो पटींचं अंतर आहे, हे पटतच नाही. त्यामुळे 'घरातच चार बल्ब जास्त लावू' हा विचार सुचतो. हिशेब करून पाहा: ९ वॅटचा एलईडी बल्ब सगळ्या दिशांना मिळून साधारण ९०० ल्युमेन प्रकाश देतो, आणि उघडा बल्ब ३० सेंटीमीटरवर जेमतेम ८०० लक्स टाकतो. दहा हजारांपर्यंत जायचं तर नाक बल्बपासून आठ-नऊ सेंटीमीटरवर आणावं लागेल, आणि तेवढ्या जवळून उघड्या दिव्याची तिरीप डोळ्यांना सोसत नाही. पेटीत बरेच दिवे मोठ्या पृष्ठभागावर पसरलेले असतात आणि पुढे दुधी पडदा असतो, तो याचसाठी.

म्हणून पेटी मोठी घ्यावी. प्रकाशाचा भाग निदान ३० बाय ४० सेंटीमीटर असला की डोकं इकडेतिकडे हललं तरी मात्रा फारशी बदलत नाही. छोट्या पेटीपुढे चार बोटं सरकलात की अर्धा प्रकाश गेला. पांढरा प्रकाश पुरतो. मुद्दाम निळसर केलेल्या दिव्याची गरज नाही, उलट तो डोळ्यांना जास्त खुपतो. अतिनील किरण गाळलेले आहेत, असं स्पष्ट लिहिलेलं हवं. यावरूनच आणखी एक गैरसमज निकालात निघतो: या पेटीतून ड जीवनसत्त्व मिळत नाही, कारण त्यासाठी लागणारे किरणच त्यात नसतात. त्वचा सावळी करण्यासाठीचे दिवे या कामाला लावणं तर सरळ धोक्याचं आहे.

दिवा लुकलुकतो का, हेही पाहून घ्या. जुन्या चोकच्या नळ्या सेकंदाला १०० वेळा फडफडतात. नजरेला कळत नाही, पण अर्ध्या तासाने कपाळ ठणकतं. इलेक्ट्रॉनिक चोकच्या नळ्यांत ही अडचण नसते. स्वस्त एलईडी पेट्यांत मात्र ती परत डोकावते. मोबाइलचा कॅमेरा स्लो मोशनवर ठेवून पेटीवर धरला आणि पडद्यावर काळसर पट्टे सरकताना दिसले, तर पेटी परत करा. नळ्यांच्या पेटीची दुसरी खोड म्हणजे नळ्या हळूहळू मंदावतात. तिसऱ्या-चौथ्या हिवाळ्यात 'या वर्षी दिवा लागू पडत नाही' असं वाटलं, तर आधी नळ्या बदलून पाहाव्यात.

आता मांडणी. पेटी टेबलावर, समोरून जरा डावीकडे किंवा उजवीकडे, वरची कड डोळ्यांच्या पातळीच्या वर आणि पूर्ण पेटी १५ अंशांनी पुढे झुकलेली. स्टँड तेवढा उंच नसेल तर खाली जाड पुस्तकं. प्रकाश वरून यायला हवा याला कारण आहे. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत ज्या चित्र बनवण्याच्या कामात मुख्यतः नसतात. मेंदूतल्या घड्याळाला उजेडाची वर्दी देणं हे त्यांचं काम. त्या २००२ च्या सुमारास नीट ओळखल्या गेल्या, आणि ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर प्रकाशाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात. वरून आलेला प्रकाश बाहुलीतून जाऊन पडद्याच्या खालच्या भागावर पडतो, आणि मेलाटोनिन दाबण्यात हा खालचा भाग वरच्यापेक्षा जास्त परिणामकारक आढळला आहे. आकाश डोक्यावर असतं, तेव्हा हे ठीकच म्हणायचं.

पेटीकडे टक लावून बघायचं नाही. डोळे उघडे, पेटी नजरेच्या कक्षेत, आणि आपण आपलं वाचन, लिखाण, नाश्ता करत राहायचं. अधूनमधून नजर पेटीवरून गेली तरी हरकत नाही. इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक म्हणजे मांडीवरचा मोबाइल. मान खाली गेली की भुवया आणि पापण्या प्रकाश अडवतात, आणि उपचार होतो तो टाळूवर. वाचायचं असेल तर पुस्तक पेटीच्या बुडाशी, टेबलावर तिरकं ठेवावं. दुसरी म्हणजे डुलकी. मिटलेल्या पापण्यांतून फार थोडा प्रकाश आत जातो. डोळे मिटून काढलेली दहा मिनिटं जमेत धरायची नाहीत. साधा चष्मा चालतो. रंगीत काचेचा, उजेडात गडद होणारा किंवा निळा प्रकाश गाळणारा चष्मा काढून ठेवावा. टोपी नको, कपाळावरची झुलपं मागे.

लक्समापक आणता आला तर एकदा तरी आणून मोजा. ज्यावर पांढरा घुमट असतो तो घ्या. तो डोळ्यापाशी धरायचा आणि घुमटाचं तोंड नजर जिकडे आहे तिकडे करायचं. पेटीकडे तोंड करून मोजलं तर आकडा छान येतो, पण तो डोळ्याला मिळत नाही. नजर पेटीपासून ४५ अंश वळलेली असेल तर प्रकाश ७० टक्क्यांवर येतो, ६० अंश वळलेली असेल तर निम्म्यावर. मोबाइलमधली मापकं एकमेकांशी जुळत नाहीत. त्यांचा उपयोग 'इथून तिथे सरकल्यावर किती घटलं' एवढं पाहण्यापुरता. मोजून झालं की टेबलावर पेटीच्या पायापाशी आणि जमिनीवर खुर्चीच्या पुढच्या पायापाशी रंगीत चिकटपट्टी लावून टाकायची. अर्धवट झोपेत उठून आलेला माणूस अंतराचा विचार करत नाही, पट्टीला खुर्ची लावतो.

वेळेचं गणित जरा सावकाश समजून घ्यावं लागतं. मेंदूतलं घड्याळ प्रकाशाने पुढे किंवा मागे सरकतं, आणि कुठल्या दिशेने सरकेल ते प्रकाश केव्हा पडला यावर ठरतं. रात्री शरीराचं तापमान सर्वांत खाली जातं तो क्षण मधोमध धरा. नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी दोन-तीन तासांचा तो असतो. त्याच्यानंतर पडलेला प्रकाश घड्याळ अलीकडे ओढतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी झोप लवकर येते आणि जागही लवकर येते. त्याच्या आधी पडलेला प्रकाश घड्याळ आणखी उशिराकडे ढकलतो. हिवाळी नैराश्यात बहुतेकांचं आतलं घड्याळ उशिराकडे सरकलेलं असतं, असं ल्यूईंचं म्हणणं. काहींचं उलटं असतं, पण ते थोडे.

आता समजा, कुणी रात्री १ वाजता झोपतो आणि सुट्टीच्या दिवशी आपोआप साडेनऊला उठतो. त्याचा तो सर्वांत थंड क्षण सातच्या आसपास. पेटी आली त्या रात्री तो निश्चय करतो, पहाटे ५ चा गजर लावतो आणि साडेपाचपर्यंत प्रकाश घेतो. दिसायला ही शिस्त, प्रत्यक्षात प्रकाश चुकीच्या बाजूला पडला. चार दिवसांत त्याला रात्री २ पर्यंत झोप येईनाशी होते आणि तो पेटी माळ्यावर टाकतो. त्याने सुरुवात करायची होती ९ ते साडेनऊच्या दरम्यान, आपोआप जाग येते त्या सुमाराला. मग दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे. झोपण्याची वेळही त्याच गतीने अलीकडे आणायची आणि रात्रीचा उजेड मंद ठेवायचा. अशा चालीने ९ वरून साडेसातला यायला दोन-अडीच आठवडे लागतात, आणि तेवढे द्यावेतच.

संशोधकांनी मेलाटोनिन वाढू लागण्याची वेळ लाळेतून मोजून सांगितलं आहे की त्यानंतर साधारण साडेआठ तासांनी घेतलेला प्रकाश सर्वांत चांगला लागू पडतो. घरी लाळ कोण तपासणार? त्याऐवजी १९७६ पासून वापरात असलेली हॉर्न आणि ओस्टबर्ग यांची प्रश्नावली आहे, १९ प्रश्नांची. आपण पहाटेचे पक्षी की रात्रीचे घुबड, हे ती गुणांत सांगते, आणि गुणांवरून सुरुवातीची वेळ काढता येते. सुट्टीच्या दिवशी बिनगजराची जाग हीसुद्धा वाईट खूण नाही, फक्त आदल्या आठवड्याची तुंबलेली झोप त्यात मिसळलेली असते हे ध्यानात ठेवायचं.

यावरूनच रविवारचा प्रश्न सुटतो. सोमवार ते शनिवार सातला प्रकाश आणि रविवारी अकरापर्यंत झोप, असं केलं की घड्याळ पुन्हा उशिराकडे घसरतं आणि सोमवार-मंगळवार ते परत ओढण्यात जातात. रविवारी उठायची वेळ फार तर तासभर लांबवावी, पेटी चुकवू नये.

पहिल्या दिवशी ३० मिनिटं बसायची घाई नको. १५ पासून सुरू करून तीन-चार दिवसांत अर्ध्या तासावर गेलं तर डोळे कुरकुरत नाहीत. पहिल्या आठवड्यात डोकं दुखणं, डोळे चुरचुरणं, जरा मळमळणं, आतून उगीच उतावीळ झाल्यासारखं वाटणं, हे होतं. बहुतेकदा आठवड्याभरात जातं. न गेलं तर पेटी थोडी मागे सरकवायची आणि मिनिटं वाढवायची, किंवा खोलीतले बाकीचे दिवे लावायचे. अंधाऱ्या खोलीत एकटी पेटी झगझगत असली की डोळ्यांना ती तफावतच जास्त त्रास देते. पहाटे चारला टक्क जाग येऊन पुन्हा झोप लागत नसेल, तर प्रकाश फार लवकर घेतला जातोय: अर्धा तास उशिरा न्या. रात्री झोप लांबत असेल तर दिवसा उशिरा कधी पेटीपुढे बसलात का, ते आठवा. 'सकाळी जमलं नाही म्हणून संध्याकाळी घेतलं' हे बरोबर नाही. हुकली तर हुकली, दुसऱ्या दिवशी सकाळी वेळेवर बसा.

फरक कधी दिसतो? काहींना चौथ्या-पाचव्या दिवशी, बऱ्याच जणांना दुसऱ्या आठवड्यात. आणि तो उदासी जाण्याच्या रूपात आधी येत नाही. आधी सकाळी उठताना अंग जरा हलकं वाटतं. मग दुपारची गोडाची तलफ कमी होते. मन शेवटी. म्हणून वही हवी, केर्न यांच्यासारखी: झोपलो किती वाजता, उठलो किती वाजता, पेटी किती वाजता आणि किती मिनिटं, दिवसभराचा उत्साह १० पैकी किती. एक ओळ पुरे. शिवाय दर आठवड्याला त्याच वारी नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रचलित प्रश्नावली भरावी. २७ पैकी गुण असतात, आणि निम्म्याने उतरले तर प्रतिसाद चांगला म्हणतात. मात्र त्यातला नववा प्रश्न, जगणं नकोसं वाटण्याचा, याचं उत्तर शून्याच्या वर गेलं तर दिव्याची वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

चार आठवडे वेळ आणि अंतर दोन्ही पाळून काही हललं नाही, तर मिनिटं वाढवून ४५ किंवा ६० करून पाहतात. त्यावरही नाही, तर दुसऱ्या उपचाराकडे वळायचं. चार आठवड्यांआधी निकाल देऊ नये, याला आधार आहे. १९९८ मधल्या शार्मेन ईस्टमन यांच्या चाचणीत खऱ्या प्रकाशाने आणि बंद करून ठेवलेल्या नकली यंत्राने होणाऱ्या सुधारणेत ठळक फरक दिसायला तीन आठवडे लागले होते. पहिल्या आठवड्यातली सुधारणा कधीकधी नुसत्या आशेची असते. आशेला माझी ना नाही, पण तिच्यावर मात्रा ठरवू नये.

उन्मादाचा इतिहास असलेल्यांबद्दल. सकाळचा तेजस्वी प्रकाश त्यांना पार दुसऱ्या टोकाला नेऊ शकतो. चार तासांच्या झोपेवर ताजंतवानं वाटणं, बोलण्याचा वेग वाढणं, डोक्यात एकावर एक बेत, हात सैल सुटणं, क्षुल्लक गोष्टीवरून भडकणं: यातली दोन लक्षणं एकत्र दिसली की पेटी बंद आणि डॉक्टरांना फोन. हे घरच्या एखाद्या माणसाला आधीच सांगून ठेवावं, कारण ज्याला होतं त्याला ते 'बरं वाटणं'च भासतं. अशा रुग्णांसाठी डोरोथी सिट आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत वेगळी आहे: मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध चालू असताना, ७,००० लक्स, तोही भर दुपारी. सुरुवात १५ मिनिटांनी, दर आठवड्याला १५ ने वाढवत ६० पर्यंत. ४६ रुग्णांच्या त्या चाचणीत प्रकाश घेणाऱ्यांपैकी ६८ टक्के नैराश्यातून बाहेर आले, मंद लाल दिव्यापुढे बसलेल्यांपैकी २२ टक्के. स्वतःच्या मनाने मात्र हे करायचं नाही.

औषधं की दिवा, असा वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. २००६ साली कॅनडात ९६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत ८ आठवडे एका गटाने १०,००० लक्सचा प्रकाश आणि खोटी गोळी घेतली, दुसऱ्याने नैराश्यावरचं फ्लुओक्सेटिन हे औषध २० मिलिग्रॅम आणि नावापुरता १०० लक्सचा दिवा. दोन्हीकडे ६७ टक्क्यांना चांगला प्रतिसाद मिळाला. चालू गोळी दिवा आणला म्हणून बंद करू नये, दोन्ही एकत्र चालतात. केली रोहन यांनी समुपदेशनाच्या एका ठराविक पद्धतीची तुलना प्रकाशाशी केली तेव्हा त्या हिवाळ्यात दोन्ही सारखेच ठरले, पण दोन हिवाळ्यांनंतर नैराश्य परतल्याचं प्रमाण समुपदेशनाच्या गटात २७ टक्के होतं आणि प्रकाशाच्या गटात ४६ टक्के. याचं एक कारण अगदी साधं असावं: शिकलेलं डोक्यात राहतं, पेटी दरवर्षी काढून लावावी लागते.

पहाटेचा देखावा करणारे गजराचे दिवेही मिळतात. जागं होण्याआधी तास-दीड तास हळूहळू वाढत जाऊन ते उशाशी २५० लक्सच्या आसपास येतात. झोपेतले डोळे अंधाराला सरावलेले असल्यामुळे एवढासुद्धा प्रकाश काम करतो. अंथरूण सुटण्याची अडचण मोठी असेल तर पेटीच्या जोडीला हा उत्तम. बाहेर उजाडलं असेल तेव्हा सकाळी अर्धा-पाऊण तास मोकळ्यावर चालणं म्हणजे फुकटची पेटी. पण ज्या महिन्यांत निघताना अंधार असतो त्या महिन्यांत त्याचा भरवसा नाही.

आता सर्वांत नेहमीची घसरण. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बरं वाटतं, एक दिवस उठायला उशीर होतो, मग पाहुणे येतात, मग प्रवास. एकदोन दिवस चुकल्याने काही बिघडत नाही आणि इथेच फसगत होते, कारण परिणाम हळूहळू उतरतो. आठवडा-दीड आठवड्यात जुनी झोप परतते आणि तोवर कारण विसरलेलं असतं. वही असेल तर रिकाम्या रकान्यांवरून ते लगेच सापडतं. बरं वाटू लागल्यावर मिनिटं कमी करायची असतील तर ३० वरून २० वर या, आठवडाभर पाहा, उत्साहाचा आकडा दोनने उतरला तर परत ३० वर जा. दिवस गाळण्यापेक्षा मिनिटं कापलेली बरी, घड्याळ जागच्या जागी राहतं.

वसंतात थांबवायचं तेही एकदम नाही. आपोआप बरं वाटण्याचा नेहमीचा महिना उलटला की दर आठवड्याला ५-१० मिनिटं कमी. १० मिनिटांवर आठवडा नीट गेला की बंद. मग पेटीवरची धूळ कोरड्या फडक्याने पुसून खोक्यात. टेबलावरच्या पट्ट्या तशाच राहू द्याव्यात. वहीच्या शेवटच्या पानावर दोन तारखा लिहायच्या: या हिवाळ्यात पहिलं लक्षण दिसलं ती, आणि तिच्या दोन आठवडे आधीची. दुसऱ्या तारखेचा गजर मोबाइलमध्ये आत्ताच लावून ठेवायचा, कारण ती तारीख येईल तेव्हा तब्येत ठणठणीत असेल आणि पेटी खाली काढावी असं मुळीच वाटणार नाही.